गस्तीवरची सलामी

"मयत म्हणजे काय कार्यक्रम आहे का, साहेब?"

या प्रश्नानं मी जागी झाले. खरं तर मी झोपले नव्हते. ठाण्यातल्या बाकावर ताठ बसले होते, टोपी डोक्यावर, डोळे उघडे. पण दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, त्यामुळे उघड्या डोळ्यांपुढेही सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर एक बाई उभी होती. तिशीची असेल. केस विस्कटलेले, पण बोलणं अगदी स्वच्छ.

"कार्यक्रम नाही हो," अंमलदार म्हणाले. "पण खासगी बाब आहे ना? खासगी बाबीला बंदोबस्त लागला की फी भरावी लागते. लग्न, ऑर्केस्ट्रा, क्रिकेटचे सामने... सगळ्यांना तोच नियम. अर्ज करा, चलन भरा, मग वरून मंजुरी येईल."

"मंजुरी येईपर्यंत बापूस असाच ठेवू?"

 अंमलदारांनी कपाळाचा घाम पुसला. सकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर दाट धुकं होतं, तरी त्यांना घाम आला होता.

"काल तालुक्याला त्या पुढाऱ्याचं स्मारक झालं," बाई म्हणाली. "चारशे पोलीस होते. आमची एसटी दोन तास अडवून ठेवली होती. त्यांचे पैसे कोणी भरले?"

"ते शासनाचं होतं, ताई."

"आणि माझा बापूस कोणाचा?"

त्या चारशेंमधली मी एक होते. पुढाऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण स्मारकाचं अनावरण काल झालं. त्यासाठी तीन दिवस आमची तालीम चालली होती. बिगूल वाजायचा, त्याचा शेवटचा लांब सूर निघाला की पुढच्या रांगेचा हात टोपीला, आणि पुढच्या रांगेचा उठला की मागच्या सगळ्या रांगांचा. उंची चांगली म्हणून मला पुढच्या रांगेत उभं केलं होतं. तीन दिवसांत तो सूर दोनशे वेळा तरी ऐकला असेल. पुढारी कसा होता, ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. आम्हाला सूर तेवढा माहीत.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मी पाथर्डीकडची, कोरड्या मुलखातली. नवरा ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा मुक्ता, माझी मुलगी, दीड वर्षाची होती. मी पोलिसात भरती झाले आणि नेमणूक मिळाली ती थेट कोकणात, खाडीकाठच्या ठाण्यात. मुक्ता माझ्या आईकडे राहिली. त्या दिवशी ती चार वर्षांची होती आणि माझा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज वर पोचला होता. महिन्या-दीड महिन्यात आदेश हातात पडेल असं सगळे म्हणत होते. मी रोज कॅलेंडरवर फुली मारत होते, दहावीच्या पोरीसारखी.

बाईचं नाव कुंदा. पनवेलला दिलेली होती. तिचा बाप जोमा, आडखोल गावचा तरीवाला. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेण्यात त्याचा जन्म गेला होता. पहाटे तो गेला होता, आणि गाव म्हणत होतं, देवळापुढच्या वाटेनं त्याची तिरडी नेऊ देणार नाही.

आमचे जगदाळे साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन हे ऐकत होते. तेही दोन रात्री जागेच होते. त्यांनी डोळे चोळले आणि अंमलदारांना म्हणाले, "बंदोबस्त लिहू नका. गस्त लिहा. आडखोलला गस्तीला चौघं. गस्तीला फी नसते." मग आमच्याकडे वळून बोट वर केलं. "वाट मोकळी राहील एवढं बघायचं. मयताला हात लावायचा नाही, खांदा द्यायचा नाही. गावकीच्या भांडणात पोलीस एका बाजूचा झाला, असं मला ऐकायचं नाही. कळलं?"

"कळलं, साहेब," आम्ही म्हणालो.

अशी आमची गस्त निघाली.

जीपमध्ये पुढे मोकल हवालदार, मागे मी आणि बारी, गाडी चालवायला कदम. मोकलदादा तिथलेच, सव्वीस वर्षं नोकरी झालेले, निवृत्तीला सात महिने राहिलेले. बाहेर काहीच दिसत नव्हतं. धुक्यातून मधेच एखादं मिठागर पांढरं चमकायचं, मधेच एखादा बगळा एका पायावर उभा दिसायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. माझी मान सारखी कलंडत होती. मोकलदादांचा आवाज कुठून तरी लांबून येत होता.

"अकरा वर्षं वाळीत आहेत ते. कशाबद्दल ठाऊक आहे? गावानं एक घर आधीच वाळीत टाकलेलं. त्या घरातली पोर बाळंतपणाला अडली. रात्रीची वेळ, रस्ता नाही. जोमानं तिला होडीत घातली आणि पलीकडच्या दवाखान्यात पोचवली. पोर वाचली, बाळ वाचलं. गावानं जोमाला विचारलं, का नेलीस? तर म्हणतो, होडीत जातगोत बसत नाही, वजन बसतं. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या होडीत कोणी बसलं नाही."

"आणि ते आधीचं घर?"

"ते गेलं गाव सोडून. हा राहिला."

अकरा वर्षं. माझ्या नवऱ्याच्या मयताला पंचक्रोशी लोटली होती. रडायलासुद्धा जागा नव्हती, एवढ्या बायका माझ्या अंगावर पडल्या होत्या. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. जीपमध्ये बसल्या बसल्या तो राग मला आठवला आणि लाज वाटली.

जोमाचं घर गावाच्या टोकाला, चिखलाच्या कडेला होतं. अंगणात होडी उपडी घातलेली होती. तिच्या बुडाला शेवाळ वाळून भेगा पडल्या होत्या. होडीला टेकून एक म्हातारी बसली होती, ती जोमाची बायको, गोमीबाय. ती रडत नव्हती. समोर जावई आणि त्याचा भाऊ तिरडी बांधायला बसले होते. ज्याच्या टेंपोतून पनवेलहून लाकडं आणली होती तो ड्रायव्हरही मदतीला बसला होता, कारण गावातल्या वखारीनं लाकूड दिलं नव्हतं. तिघांनाही तिरडी बांधता येत नव्हती. बांधणारी माणसं गावात होती, पण ती आपापल्या घरात बसली होती.

मोकलदादा हात पाठीमागे बांधून बघत होते. पाच मिनिटं बघितलं, मग त्यांना राहवेना.

"अहो, ती गाठ उलटी घ्या. उलटी! हां. आता तो बांबू आतून काढा. आतून म्हणजे... अरे देवा!"

"तुम्हीच दाखवा ना, काका," जावई म्हणाला.

"मला हात लावायची परवानगी नाही," दादा म्हणाले आणि पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. मग त्यांनी सगळी तिरडी तोंडानं बांधून घेतली. एकेक गाठ, एकेक काडी. शेवटची गाठ पडली तेव्हा दादांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

जोमाला तिरडीवर ठेवला आणि मग लक्षात आलं की माणसं पुरत नाहीत. जावई, त्याचा भाऊ आणि टेंपोचा ड्रायव्हर, असे तीन खांदे. चौथा खांदा कुंदानं दिला. पदर खोचला आणि बापाच्या पायाशी जाऊन उभी राहिली, कोणाला विचारलं नाही. पण पुढे विस्तवाचं मडकं धरून चालायला पाचवं माणूस हवं होतं, ते नव्हतंच. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघं उभे होतो. माझे दोन्ही हात रिकामे होते, बाजूला लोंबत होते, आणि एवढे जड हात मला जन्मात कधी वाटले नाहीत.

गोमीबाय होडीला धरून उठली. तिनं मडकं उचललं.

"आये, तू?" कुंदा म्हणाली. "बाया जात नाहीत."

"मंग कोन जातंय?" म्हातारी म्हणाली आणि चालू लागली.

धुकं अजून उतरलं नव्हतं. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंची दारं बंद होती, पण प्रत्येक दारामागे श्वास जाणवत होता. एका खिडकीतून एक लहान हात बाहेर आला आणि कोणीतरी तो आत ओढून घेतला. मडक्यातला धूर धुक्यात मिसळत होता आणि मला वाटत होतं, हे काही खरं नाही, मी अजून ठाण्यातल्या बाकावरच बसले आहे, थोड्या वेळानं अंमलदार मला हलवून चहा देतील. आम्ही चौघं तिरडीच्या पुढे, गोमीबायच्या बाजूनं चालत होतो. पाय कालच्या परेडच्या तालात पडत होते. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

देवळाच्या पाराशी पंधरा-वीस माणसं उभी होती. मधे काशिनाथ पंच. साठीचा, पांढरा शर्ट, हातात काठी वगैरे काही नाही. त्याला काठीची गरजच नव्हती. त्यानं नुसता हात आडवा केला.

मोकलदादा पुढे झाले. "पंच, वाट सोडा. सरकारी रस्ता आहे."

"रस्ता सरकारी, देऊल आमचा," काशिनाथ म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "गोमी, तुला तरास देयाचा नाय. मागच्या वाटेनं ने."

गोमीबाय थांबली. तिच्यामागे तिरडी थांबली. आम्ही बाजूला सरून तिरडीकडे तोंड करून रांगेत उभे राहिलो. मागची वाट म्हणजे चिखलातली वाट. ओहोटी असेल तरच ती असते.

"मागच्या वाटेला भरती आयलीय," म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही. शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "इतकी वर्सं त्यानं तुमाला पान्यातशी नेला. आज तुमी त्याला जमिनीवरशी जाव द्या."

 कोणी हललं नाही. धुक्यात थोडं ऊन शिरलं होतं आणि सगळं पांढरं झालं होतं, माणसं, देऊळ, पार, सगळं. मला एवढंच आठवतं की माझे डोळे उघडे होते आणि समोर ती पांढऱ्या कापडानं झाकलेली तिरडी होती. आणि तेवढ्यात खाडीच्या मुखाशी कुठल्या तरी बोटीनं भोंगा दिला. एकच सूर. लांब, खूप लांब, आणि शेवटी हळूहळू विरत गेलेला.

माझा हात उठला. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, बोटं टोपीच्या काठाला लागली. कडक सलामी. बारीचा हात उठला, कदमचा उठला, आणि ज्यांनी सव्वीस वर्षं हाच सराव केला होता त्या मोकलदादांचाही उठला. चार पोलीस एका रांगेत, जोमा तरीवाल्याला सलामी देत उभे.

काशिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मग दादांकडे, मग बारीकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या शेजारचा दोन पावलं बाजूला सरकला, त्याला पाहून दुसरा सरकला. काशिनाथचा आडवा हात कधी खाली आला ते कोणालाच कळलं नाही. गोमीबाय मडकं घेऊन त्या माणसांमधून पुढे गेली, तिच्यामागून तिरडी गेली, आणि मग कुठे माझा हात खाली आला.

खाडीकाठी गोमीबायनंच अग्नी दिला. भरतीचं पाणी स्मशानाच्या दगडांपर्यंत आलं होतं.

 परतताना जीपमध्ये दादा एकदम मागे वळले.

"घुले, तू काय केलंस?"

"काय केलं?"

"अगं, सलामी दिलीस! कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीही दिलीत, दादा."

"तू दिलीस म्हणून दिली!"

"मला वाटलं, दादांनी इशारा केला," बारी म्हणाला. कदम हसू दाबत गाडी चालवत होता. ठाण्यात आल्यावर दादांनी डायरीत नोंद लिहिली, आडखोल येथे गस्त केली, सर्व शांत. मी क्वार्टरवर जाऊन सोळा तास झोपले.

दोन आठवड्यांनी कुंदा ठाण्यात आली. बाराव्यापर्यंत ती आईकडेच राहिली होती. या वेळी तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

"बाई, बाराव्याला शेजारच्या दोघी जेवायला आल्या. आणि काल आयसला नळावर पानी भरू दिलं. अकरा वर्षं ती तिकडच्या विहिरीवरून आनायची, खारं मचूळ." तिचे डोळे भरून आले. "लोक बोलतात, सरकारचा आदेश असेल, नाहीतर पोलीस उगीच सलामी देत नाहीत. कुठल्या साहेबांचा आदेश होता, सांगा ना. त्यांच्या पाया पडायचं हाय मला."

मी काय सांगणार? झोप लागली होती म्हणून?

"वरून आला होता," मी म्हटलं.

तिनं हात जोडले आणि गेली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. फुकटात पुण्य पदरात पडल्यासारखं.

महिनाभर सगळं सुरळीत होतं. पण काशिनाथ पंच कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं तालुक्याला चौकशी केली, तेव्हा असा काही आदेश निघालाच नव्हता हे त्याला कळलं. मग वर एक तक्रार गेली आणि तिथून खुलाशासाठी आमच्या ठाण्यात आली. जगदाळे साहेबांनी ती मला वाचायला दिली. अक्षर सुरेख होतं. 'सदर इसम हा स्वातंत्र्यसैनिक नव्हता, सैनिक नव्हता, लोकप्रतिनिधी नव्हता. अशा इसमास जनतेच्या कराच्या पैशातून पगार घेणाऱ्या पोलिसांनी कोणाच्या आदेशाने व कोणाच्या खर्चाने मानवंदना दिली, याचा खुलासा व्हावा.'

"प्रश्न चूक नाही," साहेब म्हणाले. "पुढारी गेला तर त्याचा जीआर असतो. तरीवाल्याचा जीआर नसतो. मला उत्तर द्यायचंय. तुझ्यापासून सुरुवात झाली असं तिघांच्या जबाबात आलंय."

"हो, साहेब."

"आता नीट ऐक." त्यांनी दार लोटून घेतलं. "दोन रात्री जागरण झालं होतं, अतिश्रमानं ग्लानी आली, भोंग्याचा आवाज आला आणि सवयीनं नकळत हात उठला, असं लिही. खरंही तेच आहे ना?"

"खरं तेच आहे."

"मग झालं तर. ताकीद देतो आणि विषय संपवतो. तुझी बदलीची फाइल सहीसाठी गेलीय, घुले. परवा-तेरवा आदेश निघेल. या वेळी अंगावर काही घेऊ नकोस. पोर किती वर्षांची आहे तुझी?"

"चार. पुढच्या महिन्यात पाच."

"मग लिही. संध्याकाळपर्यंत दे."

कोरा कागद घेऊन मी ठाण्यामागच्या पायरीवर जाऊन बसले. दुपारची वेळ होती. समोर खाडी भरत होती, इतकी सावकाश की पाणी वाढतंय हे कळत नव्हतं, एकेक दगड नाहीसा होताना तेवढा दिसायचा. खरं लिहायला मला काय अडचण होती? काहीच नाही. मी तारीख घातली. माझं नाव घातलं. तेवढ्यात मोकलदादा येऊन बाजूला बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ग्लानी लिहिणार?"

"हो."

"लिही. मीही तसंच लिहिलं. घुले बाईंनी केली म्हणून केली." त्यांनी दाताखाली काडी धरली. "खुलाशाची प्रत तक्रारदाराला जाते. काशिनाथ ती देवळात वाचून दाखवील. झोपेतली सलामी! गाव पोट धरून हसेल. आणि गाव एकदा हसलं की संपलं. म्हातारीचा नळ बंद."

"मग मी काय करू, दादा?"

"मी कुठे काय म्हणतोय? तुला पोर आहे. मला पेन्शन आहे. आपण काय करणार." ते उठून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला, पण ठेवला नाही.

मुक्ता डोळ्यांपुढे आली. शेवटची भेटले तेव्हा तिनं माझी टोपी घालून अंगणात परेड केली होती, डावा-उजवा सगळा चुकवत. निघताना तिनं माझं बोट धरून ठेवलं होतं. आईनं एकेक बोट सोडवलं. मग गोमीबाय डोळ्यांपुढे आली. तिच्याशी मी एक शब्दही बोललेले नव्हते. तिचं माझं काय नातं? आणि ज्याला सलामी दिली तो तर मला चेहऱ्यानंही माहीत नव्हता, मी त्याला कापडाखालीच पाहिला होता. मी त्या पायरीवर तास-दीड तास बसले असेन. उठले तेव्हा समोरचे सगळे दगड पाण्याखाली गेले होते आणि कागद लिहून झाला होता.

साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. 'मयत इसम जोमा यांनी तीस वर्षे लोकांना खाडीपार पोचवले व एका अडलेल्या बाईचा जीव वाचवला. ही माहिती मला होती. मी पूर्ण शुद्धीत व जाणीवपूर्वक त्यांना सलामी दिली. कोणाचाही आदेश नव्हता. सोबतच्या कर्मचाऱ्यांनी माझे पाहून केली, त्यांचा दोष नाही. यात शासनाचा काही खर्च झाला असल्यास तो माझ्याकडून वसूल करावा.'

साहेबांनी कागद खाली ठेवला. "हे खोटं आहे."

"सही माझी आहे, साहेब."

"बदली जाईल. वेतनवाढ जाईल. मी थांबवू शकणार नाही."

"हो, साहेब."

"वेडी आहेस," ते म्हणाले. पण कागद फाडून टाकला नाही, परतही दिला नाही. फाइलीत लावला.

देवळात तो वाचला गेला. दादा नंतर मला सांगायला आले, येताना घरचे सुके बोंबील घेऊन आले. कोणी हसलं नाही म्हणाले. काशिनाथनं वाचून घडी घातली आणि कोणीतरी मागून म्हणालं, पोलीसबाईनं आपला पगार कापून घेतला जोमासाठी.  नळ चालू राहिला. आदेश म्हटल्यावर लोकांनी वाट सोडली होती, पण दादांच्या मते या कागदानंतर त्यांना मान वर करणं जड गेलं. त्या वर्षी दिवाळीला गोमीबायच्या अंगणात तीन घरची ताटं आली.

माझी एक वेतनवाढ थांबली आणि बदलीचा अर्ज परत आला. शिक्षेचा काळ संपेपर्यंत नवा करता येत नव्हता. मी पाथर्डीला गेले ती अडीच वर्षांनी. मुक्ता तोवर साडेसात वर्षांची झाली होती आणि माझ्या आईला 'आई' म्हणत होती. मला 'पोलीस आई' म्हणायची. मी जवळ घेतलं तर अंग आखडून उभी राहायची. ते अंग सैल व्हायला आणखी दोन वर्षं लागली. या सगळ्याबद्दल मी तिच्याशी कधी बोलले नाही. बदली उशिरा झाली, सरकारी काम, असं सांगत आले.

गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कपाट आवरताना ती तक्रार आणि त्या जबाबाची प्रत मुक्ताच्या हाती लागली. ती आता पंचवीस वर्षांची आहे, नाशिकला नोकरी करते, सुट्टीला आली होती. दोन्ही कागद तिनं दोनदा वाचले. मग माझ्यासमोर येऊन बसली. दुपार होती, घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आई, खरं सांग. तू मुद्दाम केली होतीस?"

"नाही. डुलकी लागली होती."

"मग हे?"

मी तिला सगळं सांगितलं. धुकं, भोंगा, मडकं, पायरी, सगळं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिनं तक्रारीचा कागद मांडीवर ठेवला आणि त्यावर बोट फिरवलं.

"कोणाच्या खर्चानं, असं विचारलंय यांनी."

"हो."

"म्हणजे माझ्या."

मला वाटलं होतं ती हसत बोलेल. ती हसत नव्हती. साडेसात वर्षांची असताना दारात उभी राहायची, तशीच बघत होती.

"हो," मी म्हटलं. "तुझ्या. आणि मी तुला विचारलंही नव्हतं."

 मग तिनं विचारलं, "त्या आजीला शेवटपर्यंत पाणी मिळालं?"

"मिळालं. सहा वर्षं जगली. गेली तेव्हा खांद्याला अख्खं गाव होतं, दादांनी कळवलं होतं."

मुक्तानं मान हलवली. दोन्ही कागदांची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. मीही तिच्याकडून ते वदवून घेतलं नाही.